घाटाचे किलोमीटर छापता, उतारही छापा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून पहाटे गारवा जाणवू लागला की रविवारच्या पुरवण्यांत सायकलच्या वाटा येऊ लागतात. कराड ते चिपळूण, भोरहून वरंध्याने महाड, गगनबावड्याहून वैभववाडी, पुढे किनाऱ्याने कुठवर जायचे, वाटेत मिसळ कुठे चांगली मिळते, असा तो मजकूर असतो. लोक वाचतात आणि निघतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण घाटमाथ्यावरून पायथ्याला किती मीटर उतरायचे, हा आकडा त्या मजकुरात कधी दिसत नाही. किलोमीटर सगळे छापतात. ‘चढ किती’ हेही कुणी कुणी छापतात. उतार म्हणजे फुकटचा प्रवास असे समजून सोडून देतात. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सायकली पाहता गडबड होते ती बहुतेक उतारावरच. चढ सोसला नाही तर माणूस उतरून सायकल ढकलतो, त्यात काही बिघडत नाही.

हिशेब साधा आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. घाटात ६०० मीटर उतरताना सुमारे ५.९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे पावणेदोन-दोन लिटर पाणी उकळते. वेगात उतरलात तर तिचा बराच वाटा वारा खातो. भीतीने ताशी १२-१५ च्या वेगाने ब्रेक घासत उतरलात तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाते. मोटारीला ही उष्णता झेलायला कित्येक किलोंच्या लोखंडी डिस्क असतात, शिवाय गाडी खालच्या गिअरमध्ये घालून काही भार इंजिनावर टाकता येतो. सायकलच्या १६० मिमी रोटरचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीचे) वजन शे-सव्वाशे ग्रॅम, आणि इंजिन म्हणजे आपण. उतारावर आपला काही उपयोग नाही.

हे दुखणे डोंगरातल्या सायकलिंगच्या खेळाइतकेच जुने आहे. कॅलिफोर्नियात मरीन भागात, टॅमलपाइस डोंगर आणि पॅसिफिकचा किनारा यांच्या शेजारात, १९७६ साली काही मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावर उताराच्या शर्यती सुरू केल्या. साधारण सव्वातीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार होता. त्या सायकलींना उलटे पायडल मारून लागणारा, मागच्या हबमधला (चाकाच्या मध्यावरच्या नळकांड्यातला) ब्रेक असे. एका फेरीत आतले ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. आपल्या घाटांचा डांबरी रस्ता तितका तीव्र नाही, पण उतरण लांब असते आणि मागे कॅरिअरवर सामान असते. बेरीज तीच होते, किंबहुना जास्तच.

ब्रेक तापून निकामी होण्याचे प्रकार दोन, आणि दोन्हींची खूण बोटांना वेगवेगळी कळते. पहिल्यात लिव्हर हळूहळू मऊ होत हँडलपर्यंत येते. हे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, ब्रेकमध्ये होते. कॅलिपरमधले (रोटरवर दोन बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागातले) तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. तेल दाबले जात नाही, बुडबुडा दाबला जातो. दुसऱ्यात लिव्हर नेहमीसारखीच कडक लागते, पण सायकल थांबत नाही. इथे तेल ठीक असते, पॅडचा पृष्ठभाग जळून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. दोन्हींत करायचे मात्र एकच: उरलेल्या ब्रेकने लगेच थांबायचे, डोंगराच्या कुशीला उभे राहायचे आणि दहा-पंधरा मिनिटे काही करायचे नाही. रोटरवर बाटलीतले पाणी ओतू नये, तो वाकडा होतो. बोट लावून किती तापलाय हेही पाहू नये. दरवर्षी कुणी ना कुणी पाहतोच.

तेलाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाजारात यावरून मोठा गोंधळ आहे. काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, काहींचे डॉट नावाच्या द्रवावर. शिमानोचे खनिज तेलाचे, स्रॅमचे बरेचसे मॉडेल डॉटचे. एकाच्या जागी दुसरे घातले की आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. डॉट हवेतली ओल शोषून घेतो. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर असतो, पण ओल शोषलेल्या द्रवासाठी मानकाची अपेक्षा १५५ अंशांचीच आहे. कोकणातल्या दमट हवेत एक पावसाळा काढलेल्या सायकलचा द्रव म्हणूनच बदलून घ्यावा. खनिज तेल पाणी शोषत नाही, म्हणून ते बिनघोर असे अनेकांना वाटते. पण आत शिरलेले पाणी तेलात न मिसळता सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये जाऊन बसते, आणि पाणी १०० अंशांनाच उकळते. तेल कुठलेही असो, घाटाआधी ब्लीडिंग, म्हणजे जुने तेल आणि हवा काढून नवे भरणे, ताजे हवे.

केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला तेल उकळण्याची भीती नाही, म्हणून सामान लादून फिरणारे अनेकजण तोच पसंत करतात आणि त्यात चूक काही नाही. त्याचा दोष असा की बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा जागीच असतो. झिजेबरोबर लिव्हर लांब लांब येत जाते. हायड्रॉलिकसारखी ती भरपाई आपोआप होत नाही. लोक केबल ओढून घेतात, ते अर्धेच काम. आतल्या बाजूचा स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने रोटरजवळ आणायला हवा. नाहीतर एकीकडचा पॅड रोटरला ढकलून वाकवत राहतो. पावसाळ्यानंतर केबल आणि तिचे आउटर दोन्ही बदलावेत. नुसती केबल बदलून गंजलेले आउटर ठेवले तर पैसे वाया जातात.

रिमवर लागणारे व्ही-ब्रेक घेऊन घाट उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथे डिस्क नसते, रिमच तापते, आणि आतली ट्यूब फुटू शकते. पुढची फुटली तर सावरणे कठीण. दुसरे, ओल्या लाल मातीत ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यात पॉलिश पेपरसारखी घासण होते. एका हंगामात रिमची भिंत आत दबलेली बोटाला जाणवते. तशी रिम घाटात नेऊ नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी एवढे पाहावे. पॅड बाहेर काढून त्यावरचे घर्षणाचे साहित्य मोजावे. पत्रा सोडून एक मिलिमीटर उरले असेल तर कागदोपत्री ते चालते, पण एका मोठ्या घाटाला पुरेल याची खात्री नाही, नवे घालावेत. रोटरची जाडी व्हर्निअरने पाहावी. किमान जाडी बहुतेकांवर कोरलेली असते आणि शिमानोच्या अनेक रोटरांसाठी ती १.५ मिमी आहे. रोटरचे सहा स्क्रू टी-२५ की ने एकदा घट्ट आहेत का पाहावेत. नवे पॅड घालून थेट घाटात जाणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. आधी सपाटीवर ताशी २० च्या वेगावरून जवळपास थांबेपर्यंत वीसेक वेळा आणि मग थोड्या जास्त वेगावरून दहा वेळा ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत. चाक लॉक होऊ देऊ नये. पॅडही दोन प्रकारचे असतात. राळेचे पॅड शांत असतात, चटकन पकडतात, पण तापले की पकड लवकर सोडतात. धातूमिश्रित पॅड उष्णता सोसतात, ओल्यातही टिकतात, पण कुरकुरतात. घाटाला दुसरे बरे. मात्र रोटरवर फक्त राळेच्या पॅडसाठी असल्याची खूण असेल तर धातूचे पॅड त्याला लवकर खाऊन टाकतात. पुढचा रोटर १८० मिमीचा करता येत असेल तर त्या खर्चाइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च या खेळात नाही.

आता उतरायचे कसे. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, वळणात सोडायचे. सतत हलके घासत राहण्याऐवजी असे जोरात लावून सोडले की मधल्या वेळात रोटर थोडा निवतो आणि वेगात असताना वारा आपले काम करतो. थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त, पण सुटी खडी दिसली की पुढचा हात हलका करायचा. खडीवर पुढचे चाक घसरले तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायला लाज कसली? ट्रकवालेही घाटात गाडी उभी करून चाके निवू देतात. वळणांवरचे पांढरे पट्टे आणि डांबराची काँक्रीटला लागलेली कडा सकाळच्या दवात साबणासारखी होते. कड्याकडच्या पांढऱ्या रेघेवरून जाण्याचा मोह टाळावा. कठडे सलग नाहीत.

पावसाळ्यात हे काही करू नये. जून ते सप्टेंबर या घाटांत दरडी येतात, वरंधा घाट तर अनेकदा वाहतुकीला बंदच असतो. त्याच परिसरातल्या तळीये गावावर जुलै २०२१ मध्ये काय कोसळले ते वाचकांना आठवत असेल. धबधब्याच्या फोटोसाठी त्या दिवसांत घाटात सायकल घालणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबा, डोंगर कुठे जात नाही.

सायकल कोणती, हा प्रश्न पत्रोपत्री विचारला जातो. जाड टायर, पुढे स्प्रिंग आणि दांड्यावर ‘माउंटन’ लिहिलेले असले की ती डोंगराची सायकल, असा समज दुकानदार मोडत नाहीत. अशा अनेक सायकलींवर खाली बारीक अक्षरात ‘रस्त्याव्यतिरिक्त वापरू नये’ असे छापलेले असते. वजन १७-१८ किलो. पुढची स्प्रिंग पोगो काठीसारखी उसळते, तिच्यात उसळी आवरणारे काही नसते. पण खरा धोका मागच्या हबमध्ये असतो. मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी बसतो त्याला फ्रीव्हील म्हणतात. अशा सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे बेरिंग फ्रीव्हीलच्या आत, हबच्या मध्याकडे येते. एक्सेलचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि सामानासह खड्ड्यात आदळला की वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये (यात चक्रे हबवर नुसती सरकवून बसवतात) ते बेरिंग पार बाहेर, फ्रेमजवळ असते, म्हणून ते टिकते. सायकल घेताना रंग आणि गिअरची संख्या पाहण्याऐवजी ‘मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील’ एवढे विचारा. दुकानदार गोंधळला तर दुसरे दुकान पाहा. चढासाठी सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षा खाली हवा. पुढे ३२ दात्यांचे चक्र आणि मागे ५० चे, किंवा जुन्या तीन चकत्यांच्या सायकलीत पुढे २२ आणि मागे ३२. पुढे २८ आणि मागेही २८ असेल तर कराड-चिपळूणच्या कुंभार्ली घाटात सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा.

चेन झिजली आहे का हे पाहायला महागडे हत्यार नको. स्टीलची फूटपट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बाराव्या इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदला. आणखी चालवली तर कॅसेटचे दाते तिच्या मापाने झिजतात, आणि मग नवी चेन चढावर नेमकी जोर लावतानाच उसळते.

घाट उतरल्यावर कोकण सपाट असेल अशी घाटावरच्यांची समजूत असते. समुद्र दिसेपर्यंत किमान तीन खाड्या आणि पाच सडे (कातळाची उघडी पठारे) ओलांडायचे असतात. खाडीला उतरा, फेरीबोटीने पलीकडे जा, पुन्हा सड्यावर चढा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या बोटींत सायकल सहज नेता येते, पण पुढच्या फाळक्याजवळ उभी करू नका, खारे पाणी तिथेच उडते.

सड्याचा जांभा हा दगड सायकलवाल्याला वेड लावणारा आहे. कोरडा असताना त्याच्या खरखरीत पाठीवर टायर असा चिकटतो की जवळजवळ उभ्या उंचवट्यावरूनही सायकल वर जाते. तोच दगड शेवाळ धरला की चालतानाही पाय टिकत नाही. रंगावरून ओळखता येते. तांबूस-करडा असेल तर बिनधास्त, काळा-हिरवट असेल तर उतरा. सुटलेले बारीक लाल खडे कातळावर पसरलेले असतात, ते बेरिंगच्या छर्‍यांसारखे टायरखाली फिरतात. तिथे वळू नका, ब्रेकही लावू नका, सरळ जाऊ द्या.

हवेचा दाब इथे फार महत्त्वाचा. तो पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड असा, मोजतात (फौजदाराशी संबंध नाही). सत्तर किलोच्या माणसाने २.२५ इंच रुंद टायरमध्ये ट्यूब असेल तर ३० ते ३५, ट्यूबलेस असेल तर २२ ते २६ ठेवावे, मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. पेट्रोल पंपावर स्कूटरच्या हिशेबाने ४५-५० भरून आलेली सायकल कातळावर चेंडूसारखी उडते. त्याउलट ट्यूब असताना २० वर आणली तर टायर दगडाच्या धारेवर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन शेजारी भोके पडतात. दोन भोके दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. ट्यूबलेसमधले सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) एका २९ इंची टायरला १०० मिलिलिटरच्या आसपास लागते आणि आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकते. टायर हलवून आत ते खळखळते का ऐकावे. जांभ्याच्या कडा टायरची बाजू चिरतात, आणि ती चीर सीलंटने बुजत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा चार बोटे रुंद तुकडा पिशवीत ठेवावा. चिरेवर आतून लावून ट्यूब टाकली की घरी पोचता येते.

सड्यावरचा सर्वांत वाईट धोका दिसत नाही. चिरेखाणी. चिरे काढलेल्या खाणीच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या असतात, काठ सड्याशी एकपातळीत, कुंपण बहुतेकदा नाही. सायकलवरून त्या वीस-पंचवीस पावलांवर येईपर्यंत कळत नाहीत. गवत वाढले असेल तर तितकेही नाही. अनोळखी सड्यावर मळलेली वाट सोडू नये, आणि संध्याकाळी तर नाहीच. लाल चिऱ्यांची थप्पी किंवा ट्रकच्या चाकोऱ्या दिसल्या की जवळ खाण आहे असे धरून चाला. शिवाय सडा ओसाड दिसला तरी कुणाच्या तरी मालकीचा असतो. आंब्याच्या बागेतून जाताना गडग्याचे दगड पाडून सायकल पलीकडे टाकणारे पाहुणे गावाला नको झाले आहेत, आणि त्यात नवल नाही.

याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातले कुडोपी ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्यानंतर सायकलवाल्यांची तिथली ये-जा वाढली. कोरीव रेघा जेमतेम काही सेंटिमीटर खोल, जांभ्याची कड ठिसूळ. मागचे चाक लॉक करून घसरवले तर एका फेरीत रेघेचा काठ उडतो. सभोवार दगड मांडलेले असोत वा नसोत, पन्नास पावले आधी उतरावे आणि सायकल आडवी ठेवून चालत जावे. देवाचे गोठणे येथे होकायंत्राची सुई भरकटते हे बहुतेकांना ठाऊक आहे, ते पाहायलाही सायकल रेघांपर्यंत न्यावी लागत नाही.

घाटवाटांबद्दल आमच्यातच दोन मते आहेत, तरी लिहितो. नाणेघाटासारख्या पायऱ्यांच्या वाटा सायकलच्या नव्हेत. त्या माणसांच्या आणि गुरांच्या. सायकल तिथे खांद्यावरच राहते, आणि कुठे चालवलीच तर ओल्या मातीत चाकाने चर पडतो, पुढच्या पावसात त्याचा ओहोळ होतो. वाट टिकायची तर तिचा उतार डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा आणि ती दरीकडे किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवे निघून जाते. आपल्या घाटवाटा बहुतेक सरळ धारेने उतरतात, त्यांना हे लागू नाही. सायकलसाठी वाड्या-वस्त्यांचे कच्चे रस्ते, पाणंदी आणि परवानगी असेल तिथे वनखात्याच्या जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) भरपूर आहेत. कोयना आणि चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथे परवानगीवाचून शिरणे गुन्हा आहे. राधानगरी, आंबा, आंबोली भागात संध्याकाळी रस्त्यावर गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, तो जाईपर्यंत वाट पाहा.

किनाऱ्यावर सायकल चालवायची हौस असेल तर पंचांग पाहा. कोळ्यांचा जुना आडाखा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सव्वासहा तासांनी, पावणेअकराला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, गावातल्या माणसाला विचारून पक्के करावे. ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत ओली वाळू घट्ट असते, तेवढ्यातच जावे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे ओहोटीही खोल आणि ती पहाटे साडेपाचच्या आसपास. दापोलीच्या मुरूड-कर्द्यासारख्या पुळणीवर सकाळच्या सायकलसाठी त्यासारखा दिवस नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे मागे हटत नाही, पट्टा अरुंद राहतो. खाडीच्या मुखाजवळ सायकल घेऊन पायी ओलांडायच्या भानगडीत पडू नये. वाळू रुतवते आणि ओढ बाहेरच्या बाजूची असते. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर इथे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे भरतीरेषेच्या वर घरटी करतात. कोरड्या वाळूत सायकल नेऊ नये यामागे टायर रुतणे हे दुय्यम कारण आहे.

पाण्याचे थोडक्यात. सड्यावर सावली नाही, घाम दमट हवेत सुकत नाही. तासाला पाऊण ते एक लिटर पाणी धरा, त्यात मीठ हवे. कोकम सरबत मीठ घालून, किंवा ओआरएसची मोठी पुडी पूर्ण लिटरभर पाण्यात. अर्ध्या लिटरात पुडी टाकून ‘जास्त ताकद’ आणणारे उलटीने आडवे होतात.

किनाऱ्यावरून आल्यावर सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी. बादली आणि तांब्या पुरे. गाड्या धुण्याच्या फवाऱ्याने धुतली तर खारी वाळू बेरिंगच्या सीलमधून आत जाते, धुतल्याचे समाधान मिळते आणि महिन्याभरात हब खरखरू लागतो. चेन पुसून, वाळवून, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचे पुसून टाकावे. वरचे तेल वाळू धरते, आतले काम करते. तेल लावताना रोटरवर फडके टाका. गंज सोडवणारा फवारा मारताना त्याची वाफ पॅडवर बसली तर पॅड बहुधा फेकावेच लागतात. स्टीलच्या फ्रेममधली ॲल्युमिनियमची सीटची दांडी खाऱ्या हवेत फ्रेमला धरते आणि करवतीशिवाय निघत नाही. ती दर महिन्याला बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालावी. जुन्या पद्धतीचे कोन-छर्‍यांचे हब असतील तर हंगाम संपल्यावर उघडावेत. मागे प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढे तीन सोळांश इंची दहा. एखादा छर्रा खडबडीत दिसला तर तेवढाच न बदलता सगळे बदला.

परतीला घाट चढायचा नसेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीहून सायकल रेल्वेत पार्सल करता येते. पायडल काढा (डावे उलट आट्यांचे असते, घड्याळाच्या दिशेने सुटते) आणि चाक काढणार असाल तर डिस्कच्या जागी पुठ्ठ्याची जाड घडी पॅडमध्ये सरकवा. वाटेत कुणी लिव्हर दाबली आणि पॅडमध्ये काही नसेल तर ते एकमेकांना चिकटतात.

आमची विनंती एवढीच आहे. पुढची वाट छापताना किलोमीटरच्या शेजारी उताराचे मीटर द्या, सलग उतार किती किलोमीटर ते द्या, मधले पाणी मिळण्याचे ठिकाण द्या आणि किनारा असेल तर त्या रविवारची तिथी. जागा कमी पडली तर मिसळीचा परिच्छेद एकदा गाळावा.

आपले,
कुंभार्ली घाटाच्या दोन्ही टोकांचे काही सायकलस्वार आणि सायकल दुरुस्त करणारे
(कराड, चिपळूण)